पिकाल्योवो : चुन्यावर उभं राहिलेलं गाव

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, किंवा सेव्ह करून रविवारी वाचा. विषय रशियातला आहे, पण सुरुवात आपल्या सड्यांपासून करतो, कारण प्रश्न तिथूनच आला.

आपल्या राधानगरी भागातल्या दुर्गमानवाडच्या पठारावरून बॉक्साइटचे ट्रक बेळगावला जातात हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. बेळगावचा ॲल्युमिनाचा कारखाना १९६९ पासून चालू आहे. सड्याच्या खाणीचा विषय निघाला की आपल्याकडे एकच आकडा बोलला जातो : या मातीत ॲल्युमिना किती टक्के? चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. पण कारखान्यातला केमिस्ट दुसरा एक आकडा आधी बघतो, आणि त्याबद्दल बाहेर कुणी चकार शब्द काढत नाही. तो आकडा म्हणजे सिलिका. त्यातही चिकणमातीच्या रूपात असलेली, कॉस्टिकमध्ये विरघळणारी सिलिका. मी ॲल्युमिनावाला नव्हे. माझी तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. पण रसातली घाण चुन्याने खाली बसवणं हे आमचं रोजचं काम होतं, त्यामुळे चुन्याबद्दल कुठे काही वाचायला मिळालं की मी सोडत नाही. त्यातूनच या सिलिकेच्या मागे लागलो आणि शेवटी पिकाल्योवो नावाच्या गावाला जाऊन पोचलो. म्हणजे कागदावरून, प्रत्यक्ष नव्हे.

आधी सिलिकेचा त्रास काय ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढायची जगभरची रीत म्हणजे बायर पद्धत. माती दळायची, गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवायची. ॲल्युमिना विरघळतं, लोखंड विरघळत नाही, ते लाल गाळ होऊन खाली राहतं. वरचं निवळ द्रावण थंड करून त्यात आधीच्याच ॲल्युमिनाचे बारीक दाणे टाकले की नवं ॲल्युमिना त्यांच्यावर बसायला लागतं. आमच्याकडे पॅनमध्ये साखरेचं बी टाकून दाणा वाढवतात, त्याचाच हा भाऊ. सोडा परत पहिल्या टप्प्यावर जातो आणि चक्र चालू राहतं.

आता या चक्रात चिकणमाती शिरली की काय होतं बघा. तिच्यातली सिलिकाही सोड्यात विरघळते. पण विरघळून गप्प बसत नाही. थोड्या वेळाने ती सोडा आणि ॲल्युमिना या दोघांना मिठी मारून परत घट्ट होते आणि गाळात जाऊन बसते. हिशेब करून पाहिला तर एक किलो अशी सिलिका सुमारे पाऊण-एक किलो कॉस्टिक सोडा आणि जवळपास तेवढंच ॲल्युमिना घेऊन जाते. म्हणजे ज्याच्यासाठी खटाटोप तेही गेलं आणि ज्याच्या जोरावर खटाटोप तेही गेलं. वर पाइपांच्या आणि हीटरच्या आतून पांढरा थर धरतो तो वेगळाच. म्हणून ठोकताळा असा की मातीत ॲल्युमिना सिलिकेच्या सात-आठ पटींच्या खाली आलं की बायर पद्धत परवडेनाशी होते.

या कथेतली गंमत अशी की ही पद्धत शोधली गेली ती रशियातच. कार्ल योजेफ बायर हा ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ. (औषधवाली बायर कंपनी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.) तो सेंट पीटर्सबर्गच्या तेन्तेलेव्ह रासायनिक कारखान्यात कामाला होता. त्या कारखान्याला ॲल्युमिना हवं होतं ते धातूसाठी नव्हे, तर कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी. दाणे टाकून ॲल्युमिना खाली बसवण्याची युक्ती बायरला तिथे सापडली. तिचं पेटंट १८८८ चं. दाबाखाली सोड्यात माती शिजवायची दुसरी अर्धी युक्ती १८९२ ची. या दोन्हींच्या आसपासच, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेने ॲल्युमिनियम धातू काढायची रीत शोधली होती. दोन्ही शोध एकमेकांना भेटले आणि ॲल्युमिनियम सोन्या-चांदीच्या पंगतीतून उठून थेट स्वयंपाकघरात आलं.

पण सेंट पीटर्सबर्गपासून दोन-अडीचशे किलोमीटरवर, तिखविनच्या आसपास जे बॉक्साइट होतं, त्यात सिलिका भरपूर. म्हणजे बायरने ज्या शहरात बसून पद्धत शोधली, त्या शहराच्या अंगणातल्या मातीलाच ती लागू पडत नव्हती.

सोव्हिएत सरकारला विसाच्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ॲल्युमिनियमची घाई झाली. विमानं करायची होती, विजेच्या तारा ओढायच्या होत्या. व्होल्खोव्ह नदीवरचं जलविद्युत केंद्र १९२६ मध्ये चालू झालं होतं, म्हणजे वीज हाताशी होती. माती मात्र ती तिखविनची. तेव्हा लेनिनग्राडमध्ये याकोव्हकिन आणि लिलेयेव्ह या रसायनशास्त्रज्ञांनी बायरचा रस्ता सोडून जुना रस्ता धरला. फ्रान्समध्ये देव्हिलच्या काळात, म्हणजे बायरच्या तीसएक वर्षं आधी, बॉक्साइट सोड्याबरोबर भट्टीत भाजायचे, पाण्यात विरघळवायचे आणि त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून ॲल्युमिना खाली पाडायचे. या दोघांनी त्या भाजणीत चुनखडीही घातली. व्होल्खोव्हच्या कारखान्यातून पहिलं सोव्हिएत ॲल्युमिनियम बाहेर पडलं ते मे १९३२ मध्ये.

चुनखडी का, हे इथे नीट सांगायला पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

सिलिकेला कुणाशी तरी जोडी जमवायचीच असते. द्रावणात तिला सोडा आणि ॲल्युमिना सापडले तर ती त्यांना धरते. पण भट्टीत, साडेबाराशे-तेराशे अंशांच्या तापात, तिच्यासमोर चुना ठेवला तर ती चुन्याला धरते आणि या दोघांना सोडून देते. चुना आणि सिलिका यांचं जे लग्न लागतं त्यातून तयार होणारा पदार्थ पाण्यात फारसा विरघळत नाही, आणि तोच पदार्थ सिमेंटच्या क्लिंकरमध्येही असतो. सोडा आणि ॲल्युमिना मोकळे होऊन पाण्यात उतरतात. आपल्याकडे चुना लावला म्हणजे माणूस बुडाला असं म्हणतात. इथे चुना लावल्यामुळे सोडा वाचला.

आता दुसरं गाव. उत्तरेला, ध्रुवीय वर्तुळाच्याही वर, कोला द्वीपकल्पात खिबिनी नावाचे डोंगर आहेत. १९२० च्या दशकात फेर्समान या भूवैज्ञानिकाच्या मोहिमांनी तिथे ॲपेटाइटचा प्रचंड साठा दाखवून दिला. ॲपेटाइट म्हणजे फॉस्फेट खताचा कच्चा माल. १९२९ मध्ये 'अपातित' ही संस्था स्थापन झाली आणि शून्याखालच्या थंडीत शहर उभं करायला सुरुवात झाली. ते बांधलं कुणी? बरीच माणसं हौसेने आलेली नव्हती. सामूहिक शेतीच्या मोहिमेत 'कुलाक' ठरवून ज्यांची घरंदारं काढून घेतली ते शेतकरी, बायकापोरांसकट, १९३० आणि १९३१ मध्ये तिथे नेऊन टाकले गेले. त्यांना 'विशेष वसाहतकार' असं गोंडस नाव होतं. तंबूत आणि लाकडी खोपटांत पहिले हिवाळे काढताना त्यांतली कितीतरी माणसं, आणि विशेषतः लहान मुलं, गेली. सोव्हिएत रसायन उद्योगाचं कौतुक मीही पुढे करणार आहे, पण हे सांगितल्याशिवाय करणं बरोबर नाही.

ॲपेटाइट काढून घेतल्यावर जे उरायचं त्यात नेफेलिन नावाचं खनिज असायचं. त्यात ॲल्युमिना आहे, साधारण तीस टक्क्यांच्या आत-बाहेर. सोडा आणि पोटॅशही आहे. पण सिलिका चाळीस टक्क्यांच्या वर! म्हणजे ॲल्युमिनापेक्षा सिलिकाच दीडपट. बायर पद्धतवाल्याला हे खनिज दाखवलं तर तो हात जोडेल. जगात दुसरीकडे कुणी याच्याकडे ॲल्युमिनाचं खनिज म्हणून गंभीरपणे बघायचं कारण नव्हतं, कारण ज्यांना चांगलं बॉक्साइट विकत घेता येत होतं ते घेत होते. सोव्हिएत संघाला चांगलं बॉक्साइट कमी आणि परदेशावर अवलंबून राहायची तयारी त्याहून कमी. त्यामुळे त्यांनी याचाच ध्यास घेतला. युद्धात व्होल्खोव्हची यंत्रं उचलून उरलमध्ये न्यावी लागली होती. युद्धानंतर कारखाना परत उभा राहिला तेव्हा तो नेफेलिनवर आणला गेला आणि १९४९ मध्ये नेफेलिनपासून ॲल्युमिना तिथे निघायला लागलं. मग हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करायची म्हणून लेनिनग्राडच्या पूर्वेला अडीचशे किलोमीटरवरचं पिकाल्योवो निवडलं गेलं. तिथे चुनखडी जमिनीतच होती, आणि तिच्या जोरावर १९३० च्या दशकापासून सिमेंटचा कारखानाही होता. ॲल्युमिनाचा भाग चालू झाला १९५९ मध्ये. पुढे १९७० मध्ये सायबेरियात आचिन्स्कला याच पद्धतीचा आणखी मोठा कारखाना आला.

पिकाल्योवोत काय चालायचं ते मी सावकाश सांगणार आहे. कंटाळा आला तरी सोडू नका, कारण पुढचं राजकारण याच्याशिवाय कळणार नाही.

खिबिनीहून हजारएक किलोमीटर रेल्वेने नेफेलिन यायचं. गावची चुनखडी त्यात मिसळून लांबच लांब फिरत्या भट्ट्यांमध्ये भाजायची. भाजलेला माल दळून सोडामिश्रित पाण्यात भिजवायचा. ॲल्युमिना आणि सोडा पाण्यात उतरले. खाली राहिला करडा गाळ, तोच चुना-सिलिकेचा पदार्थ. हा गाळ शेजारच्या सिमेंट कारखान्यात, थोडी आणखी चुनखडी घालून, सिमेंट करायला. इथपर्यंत एक टप्पा झाला.

पण भट्टीने सगळी सिलिका पकडली असं होत नाही. भिजवताना तो गाळ थोडासा फुटतो आणि लिटरमागे दोन-तीन ग्रॅम सिलिका पाण्यात उतरतेच. आता ऐकायला दोन-तीन ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण पुढे या द्रावणातून ॲल्युमिना खाली पाडताना ती सिलिका त्याच्याबरोबर खाली येते, ॲल्युमिनात मिसळते, तिथून धातूच्या भट्टीत जाते आणि ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन होऊन बसते. तार ओढायला तो धातू मग कमअस्सल. म्हणून द्रावण धुऊन घ्यावं लागतं, आणि तेही दोनदा.

पहिल्यांदा दाबाच्या बंद पिंपात, दीडशे अंशांच्या वर, आधीचा पांढरा गाळ बी म्हणून घालून दोनएक तास शिजवायचं. सिलिका आपल्या जुन्या सवयीने सोडा-ॲल्युमिनाला धरून खाली बसते. लिटरमागे ग्रॅमवरून ती दशांशावर येते. आता कुणी विचारेल, अहो पण यात सोडा आणि ॲल्युमिना गेलं की! गेलं नाही. तो पांढरा गाळ परत भट्टीत पाठवायचा. तिथे चुनखडी वाट बघतच असते, ती सिलिकेला घेते आणि या दोघांना परत सोडते.

दुसऱ्यांदा खरी चुन्याची करामत. उरलेल्या दशांश ग्रॅमसाठी द्रावणात विरवलेल्या चुन्याचं दूध सोडायचं, उकळीच्या जवळच्या तापमानाला, ढवळत ढवळत. चुना द्रावणातल्या ॲल्युमिनाशी मिळून एक खनिज तयार करतो आणि ते तयार होताना सिलिकेला आपल्या पोटात ओढून घेतं. या खनिजाची घडण गार्नेटसारखी, फक्त पाणी धरलेली, म्हणून त्याला हायड्रोगार्नेट म्हणतात. साखरेत आम्ही बघतो तसंच काहीसं : चुना रसात गेला की जो साका धरतो तो खाली बसताना बरीच घाण बरोबर नेतो. (गुऱ्हाळवाले भेंडीच्या पाण्याने हेच करतात, पण तो वेगळा विषय.) सिलिका आता शतांशावर येते. ॲल्युमिनाला सिलिकेशी भागलं तर पहिल्या धुण्यानंतर काही शेकडे येतात, दुसऱ्यानंतर हजाराच्या वर.

मग सुरुवातीपासूनच चुन्याचं दूध का नाही घालत? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर हिशेबात आहे. हायड्रोगार्नेटमध्ये सिलिका जेमतेम असते आणि ॲल्युमिना खूप. या शेवटच्या धुण्यात एक भाग सिलिका काढायला पाच-सात किंवा त्याहूनही जास्त भाग ॲल्युमिना चुन्याबरोबर खाली जातं. दोन-तीन ग्रॅम सिलिका अशी काढायला गेलात तर द्रावणात शिल्लक काय राहणार? म्हणून जाड काम स्वस्त हत्याराने आणि शेवटची सफाई चुन्याने. आणि हा चुन्याचा गाळसुद्धा फेकायचा नाही. त्यातला चुना आणि ॲल्युमिना दोन्ही भट्टीच्या उपयोगाचे, तो परत चक्रात.

स्वच्छ द्रावणात मग त्याच भट्ट्यांच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड सोडायचा. ॲल्युमिना खाली पडतं. वर उरतं सोडा आणि पोटॅशचं पाणी. ते आटवून धुण्याचा सोडा आणि पोटॅश वेगळे काढायचे. सोडा काच कारखान्यांना, पोटॅश खताला.

म्हणजे बघा. एक टन ॲल्युमिनामागे चार टन नेफेलिन लागायचं. त्याच्याबरोबर नऊ-दहा टन सिमेंट निघायचं, पाऊण टनाच्या आसपास सोडा, आणि पाव टनाच्या आसपास पोटॅश. फेकायला जवळपास काही नाही. लाल गाळाचा डोंगर नाही. हंगेरीत ऑयकाला ऑक्टोबर २०१० मध्ये लाल गाळाचा बांध फुटला आणि दहा माणसं गेली. आपल्याकडे झारखंडच्या मुरीला एप्रिल २०१९ मध्ये गाळाचा ढीग कोसळून रुळांपर्यंत आला. हे ज्यांना आठवत असेल त्यांना 'गाळ उरत नाही' या तीन शब्दांची किंमत कळेल.

फुकट काही मिळत नाही हेही खरं. डोंगरच्या डोंगर चुनखडी भाजायला इंधन अफाट लागतं, आणि चुनखडी भाजली की तिच्या पोटातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला थोडाच कामाला येतो. चांगलं बॉक्साइट हाताशी असेल तर बायर पद्धत याच्यापुढे स्वस्तच. पिकाल्योवोचं गणित बसायचं ते एकाच अटीवर : सिमेंट, सोडा, पोटॅश, ॲल्युमिना हे चारही एका खिशात पडले पाहिजेत. नुसत्या ॲल्युमिनावर तो कारखाना एक दिवस चालला नसता.

आता राजकारण.

सोव्हिएत काळात हा सगळा एकच कारखाना होता. एक व्यवस्थापन, एक वही. सिमेंटच्या भागाने गाळ काय भावाने घ्यावा असा प्रश्नच नव्हता, कारण डाव्या खिशातून उजव्या खिशात. १९९० च्या दशकात खासगीकरण झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत, मालक बदलत बदलत, कारखान्याचे तीन तुकडे झाले. भट्ट्या आणि ॲल्युमिनाचा भाग ओलेग देरिपास्का या उद्योगपतीच्या गटाकडे, 'बाझेलत्सेमेंत' या नावाने. सिमेंटचा भाग 'एवरोत्सेमेंत' कडे. सोडा-पोटॅशचा भाग 'मेताखिम' कडे. आणि वर खिबिनीचं नेफेलिन चौथ्याकडे, 'फॉसॲग्रो' गटातल्या अपातितकडे.

आमच्या भागातल्या लोकांना हे समजायला एकच उदाहरण पुरेल. एक साखर कारखाना घ्या. मिल आणि बॉयलर एकाला विका, डिस्टिलरी दुसऱ्याला, शेजारचं वीजनिर्मिती केंद्र तिसऱ्याला. मग मोलॅसिसचा भाव काय, बगॅसचा भाव काय, वाफेचा भाव काय? बाजारात विचारू म्हणाल तर इथे बाजारच नाही. विकणारा एक, घेणारा एक, मध्ये शंभर मीटरचा पाइप. मिलवाला म्हणणार, खर्च सगळा माझा, तुम्ही फुकट खाता. डिस्टिलरीवाला म्हणणार, मी घेतलं नाही तर तुझी टाकी भरून वाहील. दोघांचं खरं आहे, आणि म्हणूनच तंटा कधी संपणार नाही. मोलॅसिसला निदान बाहेर दुसरं गिऱ्हाईक मिळतं. ओल्या नेफेलिन गाळाला आणि सोड्याच्या कोमट पाण्याला पिकाल्योवोच्या कुंपणाबाहेर कोण विचारणार?

२००८ मध्ये जगभर मंदी आली. सिमेंट आणि ॲल्युमिनियम दोन्हींचे भाव पडले. भट्टीच्या मालकाचं म्हणणं असं की नेफेलिनच्या भावात ॲल्युमिना परवडत नाही. त्यापेक्षा तो भट्ट्यांवर सरळ सिमेंटच करायचं म्हणत होता. २००८ च्या अखेरीपासून २००९ च्या वसंतापर्यंत तिन्ही कारखाने बंद पडले. भट्टी थांबली की करडा गाळ नाही, म्हणून सिमेंट नाही. द्रावण नाही, म्हणून सोडा नाही. रसायनाने जे एकमेकांत गुंतवलं होतं ते बंदही एकमेकांपाठोपाठच पडलं.

गाव बावीस हजार वस्तीचं. दुसरा रोजगार नाही म्हटलं तरी चालेल. पगार थकले. गावाला गरम पाणी ज्या वीजकेंद्रातून यायचं ते केंद्रही भट्टीवाल्याच्याच ताब्यात, आणि गॅसचं बिल थकल्यामुळे मे महिन्यात तेही थांबलं. रशियात गरम पाणी बंद होणं म्हणजे काय हे आपल्याला नीटसं कळायचं नाही, पण कल्पना करा. २० मे ला लोक नगराध्यक्षाच्या बैठकीत घुसले. तरी काही हललं नाही. मग २ जूनला काहीशे माणसं, त्यात बायका पुष्कळ, हमरस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि वाहतूक बंद पाडली. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल ट्रक अडकले.

४ जून २००९ ला पंतप्रधान व्लादिमीर पुतिन स्वतः पिकाल्योवोत आले. पुढचं दृश्य रशियात घराघरात पाहिलं गेलं आणि आजही इंटरनेटवर आहे. टेबलाभोवती मालक बसलेले. पुतिन त्यांना हावरट म्हणाले, मी येतोय कळल्यावर झुरळांसारखे पळत सुटलात असं काहीसं सुनावलं. नेफेलिनच्या पुरवठ्याचा करार पुढे केला, पेन टेबलावर टाकलं आणि देरिपास्काला सही करायला बोलावलं. तो आला, कागद चाळला, सही केली आणि परत निघाला. तेव्हा पुतिन यांनी थंडपणे आठवण करून दिली की माझं पेन परत द्या. थकलेले पगार त्याच दिवशी देण्याचा हुकूमही झाला.

टाळ्या पडल्या. त्या माणसांच्या हातात पैसे आले, गरम पाणी आलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या पेनच्या गोष्टीत सगळ्यांनी एक गोष्ट विसरून टाकली. सही झाली ती पुरवठ्याच्या करारावर. तीन मालक तीनच राहिले. चक्राचे तुकडे जोडले गेले नाहीत, त्यांच्यावर फक्त वरून हात दाबून धरला गेला. आणि हे तुकडे पडत होते तेव्हा सरकार झोपलं होतं असंही नाही, परवानग्या कुणीतरी दिल्याच होत्या. त्यांना त्या टेबलावर कुणी बोलावलं नाही.

माझा राग मालकांच्या हावरेपणावर कमी आणि त्या वाटणीवर जास्त आहे. कारण हावरा मालक संपूर्ण कारखान्याचा असता तर त्यालाही भट्टी चालू ठेवण्यातच फायदा दिसला असता. तुकड्याचा मालक आपल्या तुकड्याचाच ताळेबंद बघतो, आणि प्रत्येक तुकडा वेगळा धरला तर तोट्यातच दिसतो. ज्याने ही वाटणी केली त्याने हा कारखाना कसा चालतो हे एखाद्या शिफ्ट केमिस्टला विचारलं असतं तरी पुरे होतं. पांढरा गाळ परत भट्टीत जातो, धूर परत द्रावणात जातो, धुतलेल्या द्रावणाचं पाणी पुढे सोडा होतं. यातली कुठली रेष कापायची ते मला दाखवा.

पिकाल्योवोनंतर रशियन सरकारने अशा एकाच उद्योगावर जगणाऱ्या गावांची यादी केली. तीनशेच्या वर गावं भरली. पिकाल्योवोच्या भट्ट्या मात्र परत पेटल्या, ॲल्युमिना आणि सिमेंट परत निघू लागलं, आणि चुन्याचं दूध परत त्या द्रावणात पडू लागलं.

आता परत सड्यावर येतो, थोडक्यात. आपल्याकडे नेफेलिनची पद्धत आणा असं मी म्हणत नाही. आपलं बॉक्साइट चांगलं आहे, बेळगावला बायर पद्धतच योग्य. पण खाणीच्या नव्या परवान्याची जनसुनावणी गावात झाली तर माझी एक विनंती आहे. ॲल्युमिना किती टक्के हे विचाराच, पण विरघळणारी सिलिका किती टक्के हेही विचारा. सिलिका जास्त असलेला माल कारखाना घेत नाही. तो मग सड्यावरच ढीग होऊन पडतो आणि पावसाळ्यात ओढ्याला लागतो. किती माल जाणार, किती मागे पडणार आणि मागे पडलेल्याचं काय करणार, हे तिन्ही आकडे सिलिकेच्या एका आकड्याला बांधलेले असतात. तो आकडा कंपनीच्या लॅबमध्ये असतोच, तिथल्या माणसाने रोज लिहिलेला. मागितला तर द्यावा लागेल. तुमच्यापैकी कुणी आधीच्या एखाद्या सुनावणीत तो मागितला असेल आणि उत्तर मिळालं असेल तर मला जरूर कळवा, मी जपून ठेवतोय.